इंग्रजीच्या वहीतली गोष्ट

आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजीत गोष्ट लिहायला कसं शिकवायचं, याबद्दल गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. शिक्षकांची जास्त, पालकांची काही आणि एक नववीतल्या मुलाचं. मी १९९२ ते २०२१ बीड जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे माझी उत्तरं त्याच वर्गांतून आलेली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नमस्कार बाई. इंग्रजी शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली. नववीच्या वर्गात ४२ मुलं आहेत. 'म्हातारा शेतकरी – चार मुलगे – सतत भांडणं – काठ्यांची मोळी' असे मुद्दे दिले की मुलं मधल्या जागेत 'वॉज' आणि 'अँड' भरतात आणि वही आणून देतात. ४२ वह्यांत एकच गोष्ट. व्याकरण सुधारतंय, पण गोष्ट काही होत नाही. माझं कुठं चुकतंय?
— एक शिक्षक, ता. जत, जि. सांगली

उत्तर : सर, मला वाटतं फक्त क्रम चुकतोय. मुलाच्या हातात पेन आधी येतं आणि गोष्ट नंतर. त्या शेतकऱ्याची गोष्ट त्याला कुणालाही सांगायची नाहीये. वाचणारे एकटे तुम्ही, आणि तुम्हाला तर ती पाठच आहे. ज्याला माहीत आहे त्याला काय सांगायचं?

आपल्याकडं गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. माझी आजी श्रावणात कहाणी सांगायला बसली की 'आटपाट नगर होतं' म्हणून थांबायची. आम्ही 'हं' म्हटल्याशिवाय नगरातला माणूस काही घराबाहेर पडायचा नाही. मी वर्गात तेच आणलं.

दोन-दोन मुलं समोरासमोर बसवायची. विषय साधा: एकदा मी घाबरलो होतो, एकदा मी खोटं बोलले, एकदा घरातली वस्तू हरवली. एकानं सांगायचं, मराठीत, चार मिनिटं. दुसऱ्यानं 'हं' म्हणायचं, 'मग?' म्हणायचं आणि कळलं नाही तिथं विचारायचं. नंतर जोडीदार बदलायचा आणि तीच गोष्ट नव्या माणसाला तीन मिनिटांत सांगायची. पुन्हा जोडीदार बदलायचा, आता दोनच मिनिटं, आणि या खेपेला जमेल तेवढं इंग्रजीत, अडेल तिथं खुशाल मराठी शब्द. ही चार-तीन-दोनची रीत माझी नाही. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी तिच्याबद्दल लिहिलं, तिथून ती ठिकठिकाणच्या इंग्रजीच्या वर्गांत गेली. मूळ रीतीत तिन्ही वेळा इंग्रजीतच बोलायचं असतं. मराठीची भर मी घातली, कारण माझ्या मुलांना चार मिनिटं इंग्रजीत बोलता येत नव्हतं आणि सांगायचं मात्र पुष्कळ होतं.

तिसऱ्यांदा काय होतं ते बघा. पहिल्यांदा 'सकाळी उठलो, दात घासले'पासून निघालेला मुलगा तिसऱ्या खेपेला थेट विहिरीच्या काठावर सुरुवात करतो. त्याला कुणी शिकवावं लागत नाही. वेळ कमी असतो आणि समोर ऐकणाऱ्याचा चेहरा असतो. पेन त्यानंतर द्या. गोंगाट होईल, शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून जातील. जाऊ द्या.

विल्यम लबॉव्ह हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या साध्या माणसांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करत होते. ते विचारायचे: आता आपला जीव जातो, असं तुम्हाला कधी वाटलंय का? त्यावर माणसं जे सांगत त्याची बांधणी कशी असते, हे त्यांनी जोशुआ वॅलेट्झ्की यांच्याबरोबर १९६७ मध्ये मांडलं. आधी कुठं-केव्हा-कोण, मग अडचण, मग सुटका, हे तर आलंच. पण आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली. सांगणारा अधूनमधून ऐकणाऱ्याला जाणवून देत असतो की हे सांगण्यासारखं का आहे. ते राहिलं की ऐकणारा म्हणतो, 'मग काय?' आपल्या भाषेत हे किती नेमकं बसतं बघा. 'मग काय झालं?' असं कुणी विचारलं तर गोष्ट चालली आहे. नुसतं 'मग काय?' आलं तर ती पडली. माझ्या वर्गात मुलं एकमेकांना हीच परीक्षा लावायची.

एक प्रसंग सांगते. २००९ साल, नववीचा वर्ग. आमच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. एक मुलगी अशीच मार्चअखेरीस वर्गात येऊन बसली. 'एकदा मी घाबरले' म्हटल्यावर तिनं मान खाली घातली. तिची जोडीदार किराणा दुकानवाल्याची मुलगी होती, ऊसतोडीबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. हे फार कामाला आलं. मी मागं उभी राहून ऐकत होते.

रात्री दोनला फडावर ट्रक आला, गाडी भरायला सगळे उठले, आईनं डोक्यावर मोळी घेतली, फळीवरून वर चढली, असं ती सांगत होती. सांगण्यात काही जीव नव्हता, रोजचंच ते तिला. तेवढ्यात दुकानवाल्याची मुलगी म्हणाली, "आई फळीवर, मग तुमचं बाळ कुठं होतं?"

ती थांबली. म्हणाली, "पाचटात. झोपलं होतं. मीच निजवलं होतं. आणि ट्रक मागं यायला लागला."

त्या बाकावरचं सगळं गप्प झालं. पुढचं तिनं एका दमात सांगितलं: हातातली बॅटरी तिनं बाळावर धरली, ओरडली, इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाईना, शेवटी बॅटरी ड्रायव्हरच्या आरशावर मारली. ट्रक थांबला. गोष्ट तिच्याकडं होतीच, पण 'बाळ कुठं होतं' हे विचारायला न जाणणारं माणूस लागलं. मला तो प्रश्न सुचला नसता, कारण ऊसतोड मला माहीत आहे असं मी समजत होते.

लिहिताना ती 'कोयता' या शब्दावर अडली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे त्या हिशेबानं मिळतात. मी घाईत 'सिकल' सांगितलं. तिनं मान हलवली आणि लिहिलं: 'अ कोयता इज टू पीपल, हजबंड अँड वाइफ.' इतकं सरळ इंग्रजी वाक्य त्या वर्षात त्या वर्गात दुसरं लिहिलं गेलं नाही. ज्याला इंग्रजी शब्द नाही तो मराठी शब्द तसाच ठेवून शेजारी एका वाक्यात उलगडायचा, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले.

आणि सर, मुद्द्यांची गोष्ट अजिबात टाकून देऊ नका, परीक्षेत तिची गरज आहे. फक्त ती चार मुलग्यांपैकी एकाच्या तोंडून सांगायला लावा. बापानं मोळी आधी कुणाच्या हातात दिली? धाकट्याला वाटलं का, की मी तरी मोडीनच? एवढ्यानं ४२ वह्या वेगळ्या होतात.

प्रश्न : गोष्ट तपासताना किती चुका दुरुस्त कराव्यात? सगळ्या केल्या तर पान लाल होतं आणि मुलं पुढच्या वेळी चार ओळी लिहितात. सोडल्या तर पालक वही घेऊन शाळेत येतात.
— एक शिक्षिका, वर्धा

उत्तर : ताई, हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून आधी माझंच एक सांगते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपलेले होते. त्या डिसेंबरात एक मुलगा आमच्या शाळेत आला, मामाकडं राहायला. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षात होते. 'अ मेमोरेबल डे' असा विषय दिला होता. बाकीच्यांनी सहल लिहिली. त्यानं ती पहाट लिहिली, पाऊण पान. त्यात एक वाक्य होतं: 'माय ग्रँडमदर नॉट कम आउट.' मी लाल पेनानं 'नॉट'च्या आधी 'डिड' घातलं. पानभर अशा १७ दुरुस्त्या केल्या, दहापैकी तीन गुण दिले आणि वही परत केली. त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. पुढं दहावीपर्यंत त्यानं पाठ केलेल्या निबंधाशिवाय इंग्रजीत काही लिहिलं नाही. दुरुस्ती बरोबर होती. त्या वेळी त्या पानावर ती करायला नको होती, आणि मला ते कळायला पुढं कितीतरी वर्षं लागली.

आता तुमच्या प्रश्नाकडं. पहिलं वाचन हातात पेन न धरता करा. मग पेन्सिलीनं, समासात, फक्त एक प्रश्न लिहा. ऐकणारा विचारेल तसा: 'तेव्हा तुझा भाऊ कुठं होता?' 'कुलूप कुणी लावलं होतं?' मुलगा त्याचं उत्तर गोष्टीत घालून दुसऱ्यांदा लिहील. या दुसऱ्या लिखाणावर एकाच जातीच्या चुकांखाली रेघ मारा, दुरुस्त करू नका, त्याला करू द्या. या आठवड्यात भूतकाळाच्या, पुढच्या खेपेला 'अ' आणि 'द'च्या. बाकीच्या चुका तशाच राहू द्या. पालक आले तर पहिली आणि दुसरी वही शेजारी ठेवून दाखवा. माझ्याकडं आलेले बहुतेक पालक एवढ्यावर समाधानानं परत गेले.

कुठल्या चुका आधी घ्यायच्या? ज्यांच्या मुळाशी मराठी आहे त्या. त्या आळसानं होत नाहीत, मूल मराठीच्या नियमानं चाललेलं असतं. 'काल मी लातूरला गेलो होतो' हे आपण सहज म्हणतो. ते मूल 'आय हॅड गॉन टु लातूर यस्टरडे' लिहितं. इंग्रजीत कालचं साधं 'वेंट' पुरतं. 'हॅड' लागतं ते एका घडलेल्या गोष्टीच्याही आधी दुसरी घडून गेली असेल तेव्हा. हे मी एसटीवरून शिकवायचे. फळ्यावर दोन वाक्यं: 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट' आणि 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' मी पोचले आणि एसटी सुटली. मी पोचले तेव्हा एसटी गेली होती. पहिल्यात मी गाडीमागं धावणार, दुसऱ्यात चौकशीच्या खिडकीपाशी जाणार. पुढची गोष्टच बदलते, हे मुलांना चटकन कळतं, कारण एसटी सगळ्यांचीच चुकलेली असते.

'अ' आणि 'द'चंही तसंच. 'एक राजा होता' यातला 'एक' म्हणजे 'अ', म्हणून 'वन किंग वॉज देअर' न लिहिता 'देअर वॉज अ किंग'. पुढं त्याच राजाबद्दल बोलायचं तर 'द'. मराठीत पुढं नुसतं 'राजा म्हणाला' चालतं, इंग्रजीत तिथं 'द' गाळता येत नाही. 'डिड वेंट'ला एकच सांगायचं: भूतकाळ 'डिड'नं घेऊन टाकला, आता 'गो'ला तो परत लागत नाही.

त्या ऊसतोडीच्या मुलीच्या वहीतलं एक वाक्य सांगायचं राहिलं. 'द बेबी वॉज इन द शुगरकेन लीव्ह्ज. ओन्ली आय नो.' मी 'नो'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कधीचं?" ती म्हणाली, "बाई, मला तर आत्ताही माहीत आहे की." मी म्हटलं, "खरंय. पण आता मलाही माहीत आहे, हिलाही माहीत आहे. फक्त तुलाच माहीत होतं, ते कधी?" ती थोडा वेळ पानाकडं बघत राहिली. मग स्वतःच खोडून 'न्यू' लिहिलं. किल्लारीच्या मुलाशी मला असंच बोलायचं होतं.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आमच्या सरांनी 'स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग' इंग्रजीत लिहायला सांगितला आहे. माझ्या आयुष्यात काहीच घडत नाही. शाळा, घर, क्रिकेट आणि म्हशी. मागच्या महिन्यात आमची एक म्हैस चुकली होती, ती रात्री सापडली, एवढंच. मी काय लिहू?
— एक विद्यार्थी, ता. शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : अरे, म्हैस चुकली होती आणि तू म्हणतोस काहीच घडलं नाही!

मला सांग, ती नाही हे आधी कुणाच्या लक्षात आलं? तुझ्या की वडिलांच्या? तू तेव्हा क्रिकेट खेळत होतास का, आणि म्हशींवर लक्ष ठेवायचं काम तुझंच होतं का? शोधायला कोण कोण गेलं? अंधारात म्हैस दिसत नाही, मग ती कशावरून सापडली, घंटेच्या आवाजावरून की दुसऱ्या कशावरून? सापडल्यावर आई काय म्हणाली? रात्री जेवण झालं का?

या प्रश्नांची उत्तरं आधी मित्राला सांग. ज्यानं ती म्हैस बघितली नाही असा मित्र निवड. मग त्यातली फक्त दहा मिनिटं घे, तुला सगळ्यात जास्त धडधडलं ती. सकाळपासून लिहू नकोस. पहिलं वाक्य 'द बफेलो वॉज नॉट देअर' एवढं असलं तरी मला पुढं वाचावंसं वाटेल. 'दावं', 'गोठा' अशा शब्दांना इंग्रजी सापडलं नाही तर तिथं मराठीच लिही आणि भोवती गोल कर. लिहिताना शब्दकोश उघडू नकोस, सगळं लिहून झाल्यावर उघड. आणि शेवटी 'वी शुड टेक केअर ऑफ अॅनिमल्स' असं वाक्य जोडू नकोस. म्हैस सापडली, तिला दाव्याला बांधलं, तिथं गोष्ट थांबव.

प्रश्न : गोव्यात आमच्या भागातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात येतात. आठवीपर्यंत त्यांचं इंग्रजी बरं होतं, वाक्यं शुद्ध असतात, पण गोष्ट कोरडी. 'ही केम. ही सॅट. ही सेड.' मराठीत बोलताना हीच मुलं किती रंगवून सांगतात! तो रंग इंग्रजीत कसा आणावा?
— एक शिक्षिका, सत्तरी, गोवा

उत्तर : ताई, तुम्ही रोगाचं नाव बरोबर घेतलंत, म्हणून उपाय सोपा आहे. मुलांचा रंग मराठीत कुठं असतो ते ऐका. 'धपकन बसला', 'हळूच आला', 'झटकन उठला'. आपलं क्रियापद साधं असतं, रंग त्याच्या आधीच्या शब्दात असतो. इंग्रजीत जाताना मूल क्रियापद घेऊन जातं आणि 'धपकन' वेशीवरच राहतं. इंग्रजीत हा रंग बऱ्याचदा क्रियापदाच्याच पोटात असतो. हळूच आला म्हणजे 'क्रेप्ट', धपकन बसला म्हणजे 'स्लम्प्ट', लंगडत गेला म्हणजे 'लिम्प्ट'. आपल्याकडंही काही क्रियापदं अशी आहेत, 'पुटपुटला', 'कुजबुजला', 'डोकावला'. तिथून सुरुवात केली की मुलांना तत्त्व कळतं.

हे शब्दयादीनं शिकवू नका, अंगानं शिकवा. एका मुलाला दारापासून फळ्यापर्यंत चालायला लावा, सहा वेळा, सहा तऱ्हांनी. वर्गानं आधी मराठीत सांगायचं, मग तुम्ही इंग्रजी शब्द द्यायचा. माझ्या वर्गातला एक धिप्पाड मुलगा उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखा चवड्यांवर आत आला, त्या दिवसापासून 'टिपटोड' हा शब्द कुणी विसरलं नाही.

मात्र एक जपा. 'सेड'ला हात लावू नका. काही शिक्षक 'सेड' वापरायचं नाही असा नियम करतात आणि मग पानभर 'एक्स्क्लेम्ड', 'रिमार्क्ड', 'रिटॉर्टेड' येतात. संवाद चांगला असेल तर 'सेड' डोळ्यांना दिसतही नाही. संवादासाठी मी आठवीत चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्यायचे. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.' ही गोष्ट येत नाही असं मूल आमच्याकडं तरी मला भेटलं नाही, त्यामुळे सगळं लक्ष इंग्रजीवर राहतं. सांगणारा भूतकाळात, 'द क्रो नॉक्ड'. चिमणी मात्र वर्तमानात बोलते, 'आय अॅम बेदिंग माय बेबी'. अवतरणचिन्हाच्या आतला काळ वेगळा आणि बाहेरचा वेगळा, हे व्याकरणाच्या तासाला महिनाभर शिकवून होत नाही ते चिमणी दहा मिनिटांत करून देते. पाऊस पडतोय, मेणाच्या घराचं दार बंद आहे, आणि कावळा भिजतोय. मुलं कावळ्याच्या बाजूनं लिहायला लागली की बघा कशी लिहितात.

प्रश्न : मुलं गाइडमधून किंवा मोबाइलवरून तयार गोष्ट उतरवून आणतात. कसं ओळखायचं?
— एक शिक्षक, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर

उत्तर : ओळखण्यात वेळ घालवू नका. पहिलं लिखाण वर्गातच करून घ्या, वहीच्या मधल्या पानावर, आणि घरी फक्त दुसरं लिखाण द्या. शंका आलीच तर मुलाला जवळ बसवून पानावर नसलेलं काहीतरी विचारा: त्या घराला दार कुठल्या बाजूला होतं? ज्यानं गोष्ट स्वतः बघितली त्याला सांगता येतं. ज्याला सांगता येत नाही त्याला रागवू नका, चार-तीन-दोनला बसवा. त्याच्याकडंही गोष्ट असते.

प्रश्न : मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या बाई असलेच खेळ घेतात. गोष्टीला असतात मोजके गुण. एवढा वेळ घालवणं परवडतं का?
— एक पालक, पुणे

उत्तर : तुमची काळजी मला कळते, दहावीचं वर्ष घरातल्या सगळ्यांचंच असतं. पण परीक्षेत काय येतं ते बघा. कधी मुद्दे देतात, कधी पहिलं वाक्य. त्या पहिल्या वाक्यापुढं काय लिहायचं हे गाइडमध्ये सापडत नाही. ज्या मुलीनं वर्षभरात दहा गोष्टी सांगितल्या आणि त्यातल्या चार लिहिल्या, ती तिथं गांगरत नाही. आणि भूतकाळाची वाक्यं, संवाद, 'अ' आणि 'द' हे सगळं पत्रात, बातमीत आणि भाषांतरातही लागतंच.

घरी एवढं करा. आठवड्यातून एकदा जेवताना तिला शाळेतला एक प्रसंग सांगायला लावा, मराठीत. तुम्ही मोबाइल बाजूला ठेवून ऐका आणि 'मग?' एवढंच विचारा. ताट धुऊन झालं की तिनं तोच प्रसंग १५ मिनिटं इंग्रजीत लिहायचा. पेपरात तिला सांगा, लिहिण्याआधी तीन मिनिटं कच्च्या कामाच्या जागेत तीन शब्द लिही: कोण, कुठं, काय बिघडलं. शेवटची दोन मिनिटं फक्त क्रियापदं तपासायला ठेव. बाकी काही तपासू नको. तात्पर्य विचारलं असेल तरच लिहायचं, शीर्षक मात्र विसरायचं नाही.

पुढच्या अंकात मुलांच्या गोष्टींतल्या संवादांवर जरा जास्त लिहायचा विचार आहे. प्रश्न पाठवताना शक्य असेल तर मुलाच्या वहीच्या पानाची प्रतही पाठवा, नाव झाकून. पहिल्या लिखाणाची पाठवा, तपासण्याआधीची.